कोरी काठी

हनुमंताच्या घराण्यात एक गोष्ट तोंडानं बोलायची नसते. पोराला वेगळं निघायचं असेल, आपली मेंढरं आणि आपली चूल वेगळी हवी असेल, तर त्यानं भांडायचं नाही, चार माणसं गोळा करायची नाहीत आणि बायकोच्या तोंडून तर मुळीच वदवायचं नाही. त्यानं एक कोरी काठी आणायची, बापापुढं ठेवायची आणि म्हणायचं, "आबा, हिला दोरा गुंडाळा." बस्स. बाप काय ते ओळखतो. मग तो आपल्याच मेंढरांच्या काळ्या लोकरीचा धागा काढून काठीवर गुंडाळतो, आणि काठी देतो त्या दिवशी निम्मा कळपही पोराच्या हवाली करतो. कोर्ट नाही, कचेरी नाही. एवढं सोपं काम सरकारला अजून जमलेलं नाही, पण ते जाऊ द्या.

तर त्या रविवारी सकाळी हनुमंत वारूळवाडीत आपल्या घरापुढं बसून बैलाच्या म्होरकीला गोंडे बांधत होता. बैल भरतचे. भरत बैलगाडा शर्यतीचा नाद असलेला माणूस, त्याला बायकोच्या साडीपेक्षा बैलाच्या गोंड्याची काळजी जास्त. दोरा गुंडाळण्यात हनुमंताचा हात धरणारा नारायणगावापासून आळ्यापर्यंत कुणी नव्हता, हे भरतही सांगेल. मेंढरं आता चाळीस-बेचाळीस उरली होती. कांदा निघाला की शेतकरी खतासाठी ती रानात बसवायला बोलवायचे, बाकीच्या दिवसांत आसपासचे बांध आणि माळ. कळप घेऊन कोकणात उतरायचे दिवस केव्हाच सरले.

तेवढ्यात ऋषीची मोटरसायकल दारात आली. ऋषी म्हणजे हनुमंताचा एकुलता एक मुलगा. चाकणला कंपनीत कामाला, तिथंच खोली घेऊन राहतो, एक रविवार सोडून एका रविवारी घरी येतो. त्याच्या पाठीला प्लॅस्टिकचा लांब पाइप बांधलेला होता. त्यानं तो सोडला, आतून बांबूचे दोन तुकडे काढले, एकमेकांत बसवले आणि माणसाच्या उंचीहून लांब अशी एक काठी बापापुढं आडवी ठेवली.

"आबा," तो म्हणाला, "हिला दोरा गुंडाळा."

हनुमंताच्या हातातला गोंडा खाली पडला.

पोराचं तिकडं लक्षच नव्हतं. तो खिशातून दोऱ्याची दोन रिळं काढत होता. "ह्यो हिरवा मेन दोरा. आन ह्यो सोनेरी, काठाला नुस्ते चार-चार फेरे. शोभेला. आठ कड्या हैत, आठीला गुंडाळायचं. तुमच्यासारखा हात कुनाचा न्हाई, आबा. पुढच्या रविवारी न्ह्यायला येतो. येडगावच्या धरनावर पोरं थांबल्यात, जाऊ?"

"जा," हनुमंत म्हणाला. दुसरं काय म्हणणार?

गाडी गेली. आतून रतनबाई चहाचे तीन कप घेऊन बाहेर आली आणि अंगणात दोनच डोळे, तेही काठीवर खिळलेले. "गेला व्हय लगीच?" ती म्हणाली. मग तिनं काठीकडं पाहिलं, नवऱ्याकडं पाहिलं, आणि पदराला उगाच हात पुसत आत गेली. हनुमंताला वाटलं, ही काहीतरी विचारेल. तिनं काही विचारलं नाही. तेही त्याला खटकलं.

आता गंमत बघा. दोन भाऊ असले तर एक भाऊ दुसऱ्यापासून वेगळा निघतो, हे हनुमंताला कळत होतं. पण एकुलता एक पोरगा वेगळा निघतो म्हणजे कुणापासून? लग्न नाही, बायको नाही, घरात सासू-सुनेची भांडी वाजायचा प्रश्न नाही. राहिले दोघं, आई आणि बाप. म्हणजे पोराला वेगळं व्हायचंय ते आपल्यापासूनच! हनुमंतानं हे मनाशी तीनदा उलटंसुलटं करून पाहिलं आणि तीनही वेळा तेच उत्तर आलं.

त्यात ती काठी. अशी काठी त्यानं जन्मात पाहिली नव्हती. बांबू चिरून त्याच्या सहा पट्ट्या घासल्या होत्या आणि पुन्हा एकत्र चिकटवल्या होत्या. आख्खा बांबू फोडून परत बांबूच करायचा, हे कुठलं शहाणपण? बुडाशी बोटाएवढी जाड, आणि शेंड्याला इतकी बारीक की काडेपेटीतली काडी बरी. अंगावर लोखंडी तारेच्या इवल्याइवल्या कड्या चिकटपट्टीनं लावलेल्या, मुठीला बुचाचं लाकूड. ही काठी मेंढरावर उगारली तर मेंढरू हसून आडवं पडेल. लांडग्याचं तर नावच नको. पण काठी कोरी होती, पोरानं आपल्या हातानं केली होती आणि बापापुढं ठेवून नेमके तेच शब्द बोलला होता.

पोरगा मासेमारीच्या नादाला लागलाय, हे हनुमंताला उडत उडत माहीत होतं. धरणावर दोस्त जमतात, पिसांची खोटी माशी करून दोरीला लावतात, ती पाण्यावर फेकतात आणि मासा धरतात. आणि मग, ऐका, मासा सोडून देतात. हे ऋषीनं एकदा जेवताना सांगितलं तेव्हा हनुमंतानं घास खाली ठेवला होता. "सोडून देता? मंग धरता कशाला?" त्यावर पोरगा नुसता हसला. त्या हसण्याचा अर्थ हनुमंताला आजवर लागलेला नव्हता.

मग म्हटलं, काठी मासे धरायची असेल. असू दे. पण दोरा गुंडाळणारे काय दुनियेत दुसरे नाहीत? पोरगा स्वतः इतकी बारीक काठी घासतो, त्याला दोन फेरे मारता येत नाहीत? बापापुढंच का ठेवली?

आता माणसानं सरळ फोन करून विचारावं, बाबा रे, तुझ्या मनात आहे तरी काय? पण सरळ विचारलं तर तो हनुमंत कसला! आणि त्याचंही खरंच होतं म्हणा. ती गोष्ट तोंडानं बोलायचीच नाही, अशी रीत. त्यानं संध्याकाळी फोन लावला तो आडून आडून.

"काठी बगितली," तो म्हणाला.

"कशी हाय, आबा?"

"हाय. बरी हाय. पन तुजा इचार पक्का हाय न्हवं?"

"पक्का हाय. लई दिवसापास्नं डोक्यात हाय माझ्या."

"लई दिवसापास्नं?"

"वरीस झालं आसंल."

हनुमंतानं फोन ठेवला. वरीसभर पोरगा मनात घोळवतोय आणि बापाला पत्ता नाही. त्या दिवशी त्यानं भाकरी अर्धीच खाल्ली. रतनबाईनं उरलेली अर्धी उचलली, तरी एक शब्द बोलली नाही. एरवी ताटात कोर उरली तर ती सात पिढ्यांचा उद्धार करायची.

दुसऱ्या दिवसापासून तो कामाला लागला. मागणाऱ्याला नाही म्हणायचं नसतं, एवढं त्याला ठाऊक होतं. त्याच्या बापानंही कधी म्हटलं नव्हतं. काम मात्र नाजूक होतं. बैलाच्या म्होरकीचा दोरा बोटभर जाड, चालून जातो. हा दोरा केसासारखा. त्याच्या राठ बोटांना तो लागतच नव्हता, जिथं तिथं अडकायचा. शेवटी त्यानं बोटांना खोबरेल लावलं, नखं कापली, चष्मा पुसला. पहिली कडी घेतली. तिचा लोखंडी पाय बांबूवर चढतो तिथं धार होती, ती दगडावर घासून मऊ केली, नाहीतर दोरा तुटतो. मग दोरा दोऱ्याखाली दाबून सुरुवात केली. गाठ मारायची नाही. एका हातानं काठी फिरवायची, दुसऱ्यानं दोरा ताणून धरायचा, फेऱ्याला फेरा चिकटला पाहिजे, मधे उजेड दिसता कामा नये. शेवटचे पाच-सहा फेरे राहिले की खाली एक छोटा फास ठेवायचा, त्यावरून फेरे मारायचे, दोऱ्याचं टोक फासात ओवून फास ओढला की टोक आत गडप. हिरव्याच्या दोन्ही कडांना सोनेरीचे चार-चार फेरे. दिसायला झकास दिसत होतं. आणि जितकं झकास दिसत होतं तितकं हनुमंताला रडू येत होतं. आपल्याच हातानं आपण पोराला घराबाहेर काढतोय, आणि वर त्याला नक्षी!

मंगळवारी दुपारी रतनबाईनं हुलग्याची शेंगोळी केली. हनुमंताचा जीव की प्राण. पण शेंगोळी व्हायची ती पाहुणा आला तर, नाहीतर कुणी आजारातून उठलं तर. "आज काय हाय?" त्यानं विचारलं.

"काय न्हाई. खा. पोरांचं आसंच आसतं."

हनुमंताचा घास तोंडातच राहिला. म्हणजे हिला माहीत आहे! हिला सगळं माहीत आहे, आणि ही शेंगोळी करते! पोरगा वेगळा निघणार म्हणून बायको शेंगोळी करते, हे गणित त्याच्या डोक्यात बसेना. तो विचारणार होता, पण रतनबाईनं तेवढ्यात ताटात आणखी वाढली आणि तोंड फिरवून चुलीशी बसली. तिच्या पाठीकडं बघून विचारायचा धीर झाला नाही. तो जेवला. चव मात्र लागली नाही, आणि शेंगोळीची चव न लागण्याची ही त्याच्या आयुष्यातली पहिलीच वेळ होती.

बुधवारपर्यंत पाच कड्या झाल्या. बुधवारी मात्र त्याच्यानं राहवेना. मेंढरं रतनबाईच्या हवाली करून तो नारायणगावला आला आणि मंचरच्या जीपमध्ये कोंबून बसला. मंचरला त्याचा थोरला भाऊ हौशीराम राहतो. त्या घराण्यात बापापुढं काठी ठेवलेला शेवटचा माणूस तोच. चौतीस वर्षं झाली त्याला.

हौशीराम अंगणात बटाट्याच्या ढिगापाशी बसून किडका बटाटा बाजूला काढत होता. भावाला बघून त्यानं नुसतंच "ये" म्हटलं. दोघांत भांडण नव्हतं. लग्नाला, मयताला येणं-जाणं होतं. पण त्या काठीबद्दल दोघं कधी बोलले नव्हते, आणि त्यामुळं बाकीचंही बरंच बोलायचं राहून गेलं होतं.

"दादा," हनुमंत म्हणाला, "एक इचारू का? तू आपल्या आबांच्या फुडं काठी ठिवलीस, तवा तुज्या मनात काय व्हतं?"

हौशीरामानं हातातला बटाटा उलटा करून बघितला. तो चांगला होता, तरी त्यानं तो किडक्यात टाकला. "आत्ता कशाला ते?"

"सांग की."

"खरं सांगू? भांडान झालं व्हतं कशावरनं तरी. आता ते बी याद न्हाई. रागात काठी तोडली, सोलली आन ठिवली आबांच्या फुडं. आन त्यांच्या तोंडाकडं बगत उभा ऱ्हायलो. मला वाटलं, आता हीच काठी उचलून माज्या पाठीत घालत्यात. म्हनत्यात, शान्या, गप मेंढरामागं जा. आन मी गेलो आसतो, हनमा. तुजी शप्पत, पळत गेलो आसतो. पन त्यांनी शिवी बी दिली न्हाई. लोकर घेतली आन गुंडाळाय लागले. मी म्हनलं, झालं! ह्यांना मी नकोच व्हतो."

हनुमंत हळूच म्हणाला, "आबा मला म्हनले व्हते, पोरानं काठी ठिवली, आता मी न्हाई कसं म्हनू? तीन दीस जेवले न्हाईत, दादा. तू गेल्यावर."

"जेवले न्हाईत?"

"पानी बी मी पाजत व्हतो."

हौशीराम उठला आणि घरात गेला. बाहेर आला तेव्हा तोंड धुतलेलं होतं, आणि त्यानं भावाला पिशवीभर बटाटे दिले.

परतीच्या जीपमध्ये हनुमंताच्या डोक्याचा पार भुगा झाला. म्हणजे काठी मागणारा जायलाच निघालेला असतो असं नाही! अडवा, म्हणूनही मागतो! आणि बापाला वाटतं, पोराला जायचंय. आणि पोराला वाटतं, बापाला नको आहे. आणि मधे दोरा मुकाट्यानं गुंडाळला जातो. चौतीस वर्षं! हनुमंताला स्वतःच्या घराण्याचा इतका राग आला की शेजारच्या पावण्यानं विचारलं, "भाऊ, उलटी होतीय का? खिडकीकडं या."

घरी आल्या आल्या त्यानं काठी मांडीवर घेतली आणि पाचही कड्यांचा दोरा उसवायला सुरुवात केली. त्याचं ठरलं होतं. काठी कोरीच परत द्यायची. आपण आपल्या बापासारखं गप्प बसायचं नाही.

रतनबाई दाराला टेकून बघत होती. "आवं, झालेलं का उसवताय?"

"न्हाई द्यायची त्याला. कुटं जायचं न्हाई काय न्हाई."

रतनबाईचा चेहरा पडला. "पोराच्या आडवं जाऊ नका," ती म्हणाली. "वरीसभर तळमळतंय ते."

"तुला म्हाईत व्हतं?"

"मला म्हाईत नसंल तर कुनाला? पोटचं हाय माज्या."

आई-मुलगा एक झाले आणि बाप राहिला बाहेर, मेंढरांत! बरं, हिला पोरानं सांगितलं कधी? आणि आई कशाला हो म्हणेल पोराला वेगळं निघायला? तिचं डोकं फिरलं का आपलं? त्यानं रागानं सहा वेळा तोंड उघडलं आणि सहा वेळा मिटलं. दोघं एकाच घरात, एकाच चुलीवरचं खाऊन, चार दिवस एकमेकांशी मोजकं बोलत राहिले. एकानंही 'कुठं' आणि 'कशाला' हे दोन शब्द उच्चारले असते तर सगळा घोळ तिथंच मिटला असता. पण नवरा-बायकोंचं असंच असतं. समोरच्याला ठाऊक आहे असं धरून चालायचं, आणि मग चालतच राहायचं.

रविवार उजाडला. ऋषी आला. काठी बाजेवर आडवी ठेवलेली होती, कड्यांवर पुन्हा चिकटपट्टी, दोन्ही रिळं तिच्याशेजारी. हनुमंत तिच्या बाजूला मांडी घालून ताठ बसलेला, जणू पंचांपुढंच.

"आबा, झालं न्हाई व्हय?"

"न्हाई. आन व्हनार बी न्हाई. तू घर सोडून कुटं बी जायचं न्हाईस."

ऋषीनं वळून आईकडं पाहिलं. "आई, तू सांगितलंस?"

"म्या कुटं सांगितलं!" रतनबाई म्हणाली. "तूच म्हनला व्हतास, आबांना मी सांगतो म्हून. काठी दिली तवा सांगितलं आसंल आसं धरून बसले मी. आठ दीस बगतीय, ह्यांचं तोंड सुकलंय."

"काठी दिली तवा मी कुटं काय सांगितलं? मी नुस्तं दोरा गुंडाळा म्हनलो."

"मंग त्येच की!" हनुमंत ओरडला. "त्येच तर सांगितलंस!"

एक कोंबडी आरामात बाजेखालून गेली.

मग हनुमंतानं आयुष्यात पहिल्यांदा ती गोष्ट तोंडानं सांगितली. कोरी काठी, काळी लोकर, निम्मा कळप, हौशीराम, सगळं. ऋषीला यातलं अक्षर माहीत नव्हतं. कसं असणार? एकुलत्या एक पोराला वेगळं निघायची रीत कोण शिकवतं? ऐकता ऐकता पोरगा आधी हसला, मग हसायचा थांबला, आणि शेवटी बापाच्या पायाशी खाली बसला.

"आबा, मला वाटनी बिटनी काय नको. खरंच दोराच गुंडाळायचा व्हता."

"मंग तुज्या आईला ठावं हाय ते काय? कुटं जायचंय तुला?"

ऋषीनं आईकडं पाहिलं. तिनं मान हलवली, सांग म्हणून.

"हिमाचलला," ऋषी म्हणाला. "डोंगरात एक नदी हाय, तिथं मासे धरायला लोक येत्यात. त्यांना शिकवायचं, काठ्या करायच्या, मोडल्या तर नीट करायच्या. एक तारखेला हजर व्हायचंय. चाकणची नोकरी सोडली मी. ही काठी तिथल्या मालकाला दावायची व्हती, माज्या हातची म्हून. आन दोरा तुमच्या हातचा आसावा आसं वाटलं. तुमाला सांगायचंच व्हतं. पन तुमच्या म्होरं आलं की जीभ उचलत न्हाई."

हनुमंतानं हे ऐकलं आणि तो आणखीच गोंधळला. "म्हंजी काठीचा आन तुज्या जान्याचा संबंद न्हाई."

"न्हाई."

"पन तू जानार."

ऋषी बाजेवरची रिळं सारखी करू लागला.

आता काय म्हणायचं याला? आठ दिवस माणूस ज्या धुराला भ्याला, तो धूर खोटा निघाला, आणि आग मात्र खरीच घरात होती. वाटणी नाही म्हणून सुटकेचा श्वास टाकावा, का हिमाचल म्हणून ऊर बडवावा, हे हनुमंताला ठरवता येईना. वेगळा निघाला असता तर निदान शेजारी चूल तरी मांडली असती. हे तर नकाशाचं दुसरं टोक.

"तिथं बी मासं धरून सोडून द्येत्यात?" त्यानं विचारलं.

"हा."

"आन त्यासाठी लोक लांबून येत्यात?"

"परदेशातनं येत्यात."

"काय बाई येडी मानसं," रतनबाई म्हणाली आणि पदर तोंडाला लावला. ती हसते का रडते, तेही नीट कळेना.

"मी न्हाई म्हनलो तर?" हनुमंत म्हणाला.

ऋषीनं काठीच्या शेंड्यावरून बोट फिरवलं. "न्हाई म्हनला तर न्हाई जानार."

हनुमंताला मंचरचं अंगण आठवलं. पळत गेलो असतो, हौशीराम म्हणाला होता. एक नाही म्हटलं की पोरगा घरात. इतकं सोपं. पण हा हौशीरामासारखा अडवण्याची वाट बघत बसलाय, का खरंच निघालाय? त्यानं पोराच्या तोंडाकडं निरखून पाहिलं. सत्तावीस वर्षं बघितलेलं तोंड. काही म्हणता काही कळलं नाही. बापाला पोराच्या तोंडावरचं वाचता येतं म्हणतात, ते म्हणणाऱ्याला पोर नसावं.

तेव्हा त्यानं ते केलं जे त्याच्या घराण्यात कुणी केलं नव्हतं. त्यानं विचारलं.

"ऋषी, मी तुला आडवावं आसं तुला वाटतंय का? खरं सांग. मला ग्वाड वाटावं म्हून सांगू नको."

ऋषीचे डोळे भरले. पण त्यानं मान वर केली. "न्हाई, आबा. मला जायचंय."

लागलं. छातीत सरळ लागलं, नाकारण्यात अर्थ नाही. पण आठ दिवसांत पहिल्यांदा हनुमंताला काहीतरी नीट कळलं होतं. त्यानं धोतराच्या सोग्यानं नाक पुसलं आणि काठी मांडीवर ओढली. "धर त्यो शेंडा. मी म्हनंल तसा फिरव. हळू. घाई क्येलीस तर हानीन."

दोघं बसले. पोरगा काठी फिरवत होता, बाप दोरा ताणत होता. हिरवा दोरा एकेका कडीवर चढला. काठाच्या चार फेऱ्यांची वेळ आली तेव्हा ऋषीनं सोनेरी रीळ पुढं केलं. हनुमंतानं ते बाजूला सारलं, उठून कोनाड्यातून पिंजलेल्या काळ्या लोकरीचा पेळू आणला आणि त्यातून बारकासा धागा ओढून मांडीवर पीळ दिला.

"सोनेरी मालकाला आवडंल," ऋषी म्हणाला.

"मालक पसंत करंल न्हाईतर न करंल. काठी तुजी हाय."

ऋषीनं सोनेरी रीळ खिशात टाकलं. आठव्या कडीचा फास ओढून झाला तेव्हा ऊन पार डोक्यावर आलं होतं. रतनबाईनं दोनदा जेवायला हाक मारली होती आणि दोन्ही वेळा कुणी ओ दिली नव्हती. हनुमंतानं काठी उन्हात धरली, डोळ्यापाशी आणली, एक फेरा नखानं सरकवून नीट केला आणि पोराच्या हातात दिली. मग तो उठून सरळ मेंढरांभोवती जाळी लावलेल्या वाघुरीकडं गेला. गेरूचं डबडं घेऊन जाळी उचलून आत शिरला आणि एकेका मेंढराच्या पाठीवर लाल बोट ओढू लागला. वीस झाली, एकवीस झाली, तेव्हा थांबला.

"ही तुजी," तो म्हणाला.

"आबा! मी काय करू मेंढरांचं? मी तिकडं, ही हिकडं!"

"मला काय ठावं? काठी घेतलीस ना माज्या हातनं? मंग मेंढरं बी घ्यावी लागत्यात. राखतो मी. पन कातरनीला तू यायचंस. वर्सातनं दोन टायमाला. ज्याची मेंढरं त्यानंच धरायची कातरताना, दुसऱ्यानं हात लावायचा न्हाई. आपल्यात रीत हाय तशी."

ऋषीनं कपाळाला आठ्या घातल्या. एका सकाळीत त्याला बापाच्या एवढ्या रीती ऐकाव्या लागल्या होत्या की आता कुठली खरी धरावी हे त्याला समजत नव्हतं. त्यानं आईकडं वळून विचारलं, "आई, खरंच हाय का अशी रीत?"

रतनबाई तीस वर्षं त्या घरात नांदली होती. साठ कातरण्या तिनं डोळ्यानं पाहिल्या होत्या. ज्याच्या हाताला सापडेल तो मेंढरू धरायचा, गावातला कुणी रिकामटेकडा आला तर त्यालाही धरायला लावायचे. असली रीत तिनं बापजन्मात ऐकली नव्हती. तिनं वाघुरीत उभ्या नवऱ्याकडं पाहिलं. त्याचा हात गेरूनं लाल झाला होता आणि तो तिच्याकडं बघत नव्हता.

"हाय की," ती म्हणाली. "लई जुनी हाय."